फिकरआप्पांची टिटवी

डोळे उघडायच्या आधी आप्पा कान उघडत. पहाटे अंथरुणातच, पांघरूण छातीशी धरून, ते परसातल्या चिमण्यांची चाहूल घेत पडलेले असत. चिमण्या बोलल्या की "शिवा शिवा" म्हणून उठत. पण एखाद्या दिवशी ढग असले, थंडी असली, चिमण्यांना जरा उशीर झाला, की संपलंच! सगळं घर हलवून उठवायचे. "आगं उठा, चिमण्या कामून बोलनात? काय झालं बघा." मी डोळे चोळत परसात जायची, तर चिमण्या आपल्या कण्हेरीत अंग फुगवून बसलेल्या. "हायत आप्पा, सगळ्या हायत," म्हटलं की मग त्यांच्या जिवात जीव यायचा. तोवर आमची झोप गेलेली असे.

आप्पा माझे चुलते. माझे आईबाप पटकीत गेले तेव्हा मी इतकी लहान होते की मला त्यांचे चेहरेही आठवत नाहीत. आप्पा आणि काकी हेच माझे आईबाप, आणि त्यांना माझ्याशिवाय दुसरं लेकरू नव्हतं. गंगाखेडच्या बाजारात आमचं किराणा दुकान होतं आणि घर गंगेच्या अंगाला. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. बाजारात आप्पांचं नाव पडलं होतं फिकरआप्पा, आणि लोक तोंडावरच म्हणत. खोटं तरी काय होतं त्यात? दुकानाला कुलूप लावून घरी यायचे आणि चहा अर्धा टाकून कुलूप ओढून बघायला परत जायचे. आम्ही हैदराबादेतून मुंबई राज्यात गेलो तेव्हा गाव पेढे वाटत होतं, आणि आप्पा ओट्यावर डोकं धरून बसलेले. "शिक्का बदलला, राज्य बदललं. आता शेर जाऊन किलो येणार म्हणतेत. गिऱ्हाईक म्हणंल, आप्पानं मापात मारलं." बरं, घोर लागला तो मनात ठेवावा, तर तेही नाही. येईल त्याला सांगायचे. "फिकीर पोटात ठेवली की आंबती," म्हणायचे.

हा घोर त्यांच्या मागे कधी लागला ते मला ठाऊक आहे. पोलीस अॅक्शनच्या आधीचं ते गडबडीचं साल. निम्मं गाव पांगलं होतं, आम्हीही घर सोडून सरहद्दीपलीकडं काकीच्या माहेरच्यांकडं जाऊन राहिलो होतो. सगळं निवल्यावर परत आलो, तर घर उभं होतं, दाराची कडी तेवढी तुटलेली. भांडीकुंडी गेली होती. काकी रिकाम्या फळ्यांकडं बघून रडायला लागली, पण आप्पा तडक परसात गेले. पाण्यावाचून डाळिंब वाळलं होतं, वेल जळून गेले होते आणि पाखरू म्हणून एक नव्हतं. आप्पा तिथंच उकिडवे बसले. मी जवळ गेले तर म्हणाले, "माणूस गेलं की मागनं पाखरू बी जातंय, गिरजे. आता पाखरू येईस्तोवर हे घर आपलं न्हाई." मला वाटलं, दमलेत म्हणून बोलतायत. पण त्यांनी ते खरंच धरलं.

मग सुरू झाली पाखरांची आळवणी. निंबाच्या फांदीला शिंक्यात खापराचं परळ टांगलं आणि त्यात रोज ताजं पाणी. वळचणीला ज्वारीची कणसं बांधली. भिंतीत फुटकी मडकी बसवली, चिमण्यांना घरं म्हणून. मोरीचं पाणी अळवाला सोडलं, तिथं बेडूक आले. दोडक्याचा वेल चढवला, तर त्याची पानं शिवून एका इवल्या पाखरानं घरटं केलं. त्यापायी त्या साली आम्ही दोडका खाल्ला नाही. सीताफळाखालचा कोपरा झाडायचा नाही, हा तर कायदाच. पाचोळ्यात किडे होतात आणि किड्यांवर पाखरं येतात म्हणे. झाडाचं पहिलं फळ पाखराचं, शेंड्याचं फळ पाखराचं, आणि मधलं पाखरानं सोडलं तर आमचं. काकी झाडू घेऊन कोपऱ्यापाशी उभी राही आणि चरफडत परत येई. "लोकाच्या परसात भाजी होती, आमच्यात पाव्हणे," म्हणायची.

सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून आप्पा परसातच पूजेला बसत. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, बेलाचं पान वाहायचं, आणि नजर मात्र खारीकडं. ही खार भलतीच धीट होती. काकीनं देवाला वळून ठेवलेल्या वाती ती उचलून नेई, पिल्लांना मऊ अंथरूण म्हणून. काकीनं एकदा पाटा सोडून वरवंटाच उगारला! तर आप्पा म्हणाले, "आगं, तीबी बाळंतीण हाय, तिनं काय कापूस पिंजत बसावं का?" दुसऱ्या दिवसापासून कोनाड्यात दोन वाट्या. एकीत देवाच्या वाती, दुसरीत खारीचा कापूस. खार मुळीच कापूस घेईना, वातीच नेई. "हातात देव अन् ध्यान खारीत, मग तीबी देवाचंच नेणार," काकी म्हणाली.

एका पावसाळ्यात परसाची मागची भिंत पडली. दगड उचलून भिंत बांधायची सोडून आप्पांनी दगडांची रास तशीच राहू दिली आणि कडेनं बोराटी लावली. चार महिन्यांत तिथं मुंगूस राहायला आलं. शेजारी सखूबाई धनगरीण राहायची, शेळ्यामेंढ्यांचं घर तिचं. तोंडानं फटकळ, पण जिवाला जीव देणारी. ती कुंपणावरून ओरडली, "आप्पा, आता वाघ तेवढा ऱ्हायला बघा! त्याला बी चिठ्ठी धाडा." आप्पा खूश होते. मुंगूस आलं म्हणजे सापाचा घोर मिटला. दगडांच्या आडून ते तोंड काढी, आणि आप्पा आम्हांला हातानं गप्प करून बघत बसत. "आपलं हाय ते," म्हणायचे.

मी एकोणीस वर्षांची झाले तरी लग्नाचं जमत नव्हतं. त्या काळी एकोणीस म्हणजे घोडनवरी. गडबडीत लुटलेलं घर सावरण्यात सालं गेली, त्यात मी आईबापाविना पोर, एक सोयरीक जमता जमता फिसकटलेली. शेवटी परभणीपलीकडच्या झरीचं स्थळ आलं. चांगलं खातंपितं शेतकऱ्याचं घर, मुलगा एकुलता, समजूतदार. मला तो आवडला होता, उगाच कशाला लपवू? अडचण एकच. त्या घरात सासऱ्यांची विधवा बहीण होती, आत्याबाई. तिचा शब्द घरात चाले. आणि तिनं मुलाची आधीची एक सोयरीक नुसती पाल चुकचुकली म्हणून मोडली होती! हे कळल्या दिवसापासून आप्पांचं जेवण निम्म्यावर आलं. बोलणी चालू असताना ते वर आढ्याकडं बघत बसायचे, पाल दिसते का म्हणून.

तरी जमलं. वैशाखातली तिथी निघाली. मांडव परसातच घालायचा ठरला, कारण जागा तेवढी तिथंच. आप्पांनी बैलगाड्यांनी मुरूम आणवला, मधला भाग चांगला हातभर उंच करून घेतला, पाणी मारून चोपला. वऱ्हाडाच्या पायाला चिखल लागू नये, अवकाळी आला तर पाणी साचू नये. चांगला दिवस बघून मांडवाची मेढ रोवली. एकदा रोवलेली मेढ लग्नाआधी उपटत नाहीत. काकीच्या आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आणि तीनचार दिवसांत, भर सकाळी, काकी पापड वाळत घालायला मुरमावर गेली ती किंचाळतच मागं आली.

मेढीपासून दोन हातांवर टिटवीनं अंडी घातली होती. चार अंडी, मुरमाच्याच रंगाची, वर काळे डाग. काकीचा पाय पडता पडता राहिला. घरटं नाही, काडी नाही, नुसता खळगा. टिटवी वर घिरट्या घालत होती आणि असा आकांत करत होती की गल्ली गोळा झाली. एवढी वर्षं आप्पांनी नाही नाही ते करून पाखरं बोलावली, पण टिटवी कधी आली नव्हती. आमचं परस झाडीचं, तिला लागतं मोकळं खडीचं रान. ते आप्पांनी माझ्या लग्नासाठी स्वतःच्या हातानं करून दिलं होतं.

टिटवी म्हणजे काय ते आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. ती दारावरून ओरडत गेली तरी बायका "शिव शिव" म्हणतात, घरातलं माणूस जातं म्हणतात. आणि इथं ती लग्नाच्या मांडवात मुक्कामाला! सखूबाई कुंपणावरून बघून गेली, तिचंही तोंड उतरलं. "आप्पा, झरीला खबर लागायच्या आत काय ते करा," म्हणाली. "पण हात लावला तर मायबाप टाकून देतेत अंडी, ते बी सांगून ठेवते." मांडववाले बांबू घेऊन आले, तर टिटवी आणि तिचा नर दोघं त्यांच्या पटक्यांवर झडप घालायला लागले. त्यांनी बांबू दारातच टाकले आणि निघून गेले.

काकी म्हणाली, "आवं, सुपात घ्या अन् गंगेच्या वाळूत ठेवून या. जगली तर जगली." आप्पा सूप घेऊन गेलेही. मी दारातून बघत होते. ते अंड्यांपाशी वाकले, तशी टिटवी समोर येऊन एक पंख मोडल्यासारखा ओढत फिरायला लागली, मला धर पण त्यांना सोड म्हणत असल्यासारखी. आप्पा रिकामं सूप घेऊन परत आले आणि पायरीवर बसले. "मला न्हाई जमत," म्हणाले. "इतकी वर्सं हाका मीच मारल्या. आता आली तर हाकलू कोणत्या तोंडानं?"

माझा मात्र संयम सुटला. मी आप्पांना कधी उलट बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "आप्पा, ही सोयरीक मोडली तर मला दुसरी मिळणार न्हाई. तुमाला ती टिटवी दिसायलीय, मी दिसंना का?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे लाल, दाढी वाढलेली. "दोघी बी दिसायल्यात, पोरी," ते म्हणाले. "एक दिसली असती तर झोप तरी लागली असती." मी आत जाऊन धान्याच्या कणगीला डोकं टेकून रडले. मला त्या पाखराचा राग आला होता, आप्पांचाही आला होता, आणि आप्पांचा राग येतो म्हणून स्वतःचाही.

बाजारचा दिवस दोन दिवसांवर होता. बाजाराला परभणीकडची माणसं येतात, त्यांच्या तोंडून झरीला कळायला वेळ लागला नसता. कुणाच्या तरी तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, असं आप्पांच्या मनानं घेतलं. काकीनं हात जोडले, "आवं, आगीत तेल कशाला नेऊन वतायलाव?" पण फिकीर सांगितल्याशिवाय त्यांना राहवतच नसे, आणि ही तर सगळ्यांत मोठी होती. धुवट फेटा बांधला, उपरणं घेतलं, सकाळच्या गाडीनं परभणीला आणि तिथून मोटारीनं झरीला गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "टिटवीला पाणी ठेव, ऊन लय हाय."

तो दिवस कसा गेला ते माझं मला माहीत. काकी आणि मी तांदूळ निवडायला बसलो होतो. खडा वेचायचा सोडून मी तांदूळच वेचून टाकत होते. टिटवी ओरडली की काकीचा हात थांबायचा. दुपारी सखूबाई ताक घेऊन आली, नुसती बसली आणि न बोलता गेली. ती न बोलता गेली म्हणून मला जास्तच भीती वाटली. मनातल्या मनात मी झरीच्या घराचं दार मिटून टाकलं होतं. आता जन्मभर याच परसात, याच चिमण्या मोजत बसायचं, असं वाटत होतं.

आप्पा दिवेलागणीला आले. पाय धुतले, तांब्याभर पाणी प्याले, आणि बोलेनात. एरवी उंबऱ्याच्या बाहेरूनच सुरू होणारा माणूस! काकीच्या तोंडचं पाणी पळालं. "मोडली व्हय?" तिनं विचारलं. आप्पांनी मान हलवली, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून ते आम्हां दोघींनाही कळेना. मग बसून त्यांनी सांगितलं.

त्यांनी झरीच्या ओसरीवर, चारचौघांत, सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं होतं. मांडवात टिटवी बसली, मला ती उठवणं होत नाही, आता तुम्ही म्हणाल ते. आत्याबाई आतूनच कडाडली, "मांडवात टिटवी? आमचं एकुलतं एक पोरगं हाय! आत्ताच्या आत्ता मोडा सोयरीक!"  सासरे तंबाखू मळत बसले, आणि मग त्यांनी काय विचारावं? "आप्पा, अंडी उंचावर हायत का सखलात?"

आमच्याकडचा शेतकरी टिटवीवरून पाऊस बघतो. टिटवीनं उंच जागी अंडी घातली तर पाऊस दणकून, सखलात घातली तर कोरडा दुष्काळ. आप्पा दुकानदार, त्यांच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. ते म्हणाले, "उंचावर हायत. परसात त्याहून उंच जागा न्हाई." सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं का आक्का? यंदा पाऊस हाय!" आता इथं तरी माणसानं गप्प बसावं की नाही? पण आप्पांना घोर लागला की आपण फसवतोय. ते म्हणाले, "न्हाई पण ती उंची माझी हाय. मुरूम मी टाकलाय. पाखरानं हुडकलेली न्हाई ती." काकीनं कपाळावर हात मारून घेतला. सासरे मात्र खदखदून हसले. "पाखराला कुठं ठाऊक हाय मुरूम कुणाचा? त्याला उंच दिसलं, बसलं. लग्न आमच्या दारात लावू. तुमी फक्त अंड्याला हात लागू देऊ नका. अंडी हलली तर पाऊस हलंल." पावसापुढं आत्याबाईचंही चाललं नाही. एवढंच म्हणाली की पोरगी तिथून आणताना तोंड झाकून आणा.

मी सुटले, पण आप्पा जास्तच अडकले. आधी नुसत्या अंड्यांचा घोर होता, आता त्यावर झरीचा पाऊस आणि माझा संसार येऊन बसला. कुत्री येतील, कावळे येतील, सखूबाईच्या शेळ्या येतील! त्यांनी बाभळीचा काटा तोडून आणला, अंड्यांभोवती लांबवर गोल कुंपण घातलं, टिटवीला जायला यायला वाट ठेवली. दिवसभर काठी घेऊन सावलीत बसून राहायचे. दुकान काकीनं सांभाळलं. रिकामी मेढ, तिच्याखाली टिटवी आणि टिटवीवर पहारा करणारे आप्पा. गल्लीतल्या पोरांना फुकटचा तमाशा झाला.

लग्नाच्या दिवशी आम्ही सगळे झरीला गेलो. घर आणि टिटवी सखूबाईच्या हवाली केली. निघताना आप्पांनी तिला इतक्यांदा बजावलं की ती म्हणाली, "आप्पा, आता मीच अंड्यावर बसू का?" हळद लावलेली मी तोंड झाकून गाडीत बसले आणि मागं बघून घेतलं. झरीला अक्षता पडताना आप्पा माझ्या मागे उभे होते. त्यांच्या हातातले तांदूळ हातातच राहिले होते. दुसऱ्या दिवशी निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सांभाळून ऱ्हा. तिकडची फिकर करू नको, ती करायला मी हाय."

त्या साली मृग कोरडा गेला. आर्द्राही कोरड्या चालल्या. आत्याबाई घरात फिरता फिरता बोलायला लागली, पायगुण म्हणून काही असतं की नाही.  पण सासरे तिला गप्प करत. "टिटवी उंचावर बसलीय आक्का, पाऊस कुठं जातोय?" त्या घरात माझ्या बाजूनं बोलणारं असं एकच होतं, ते गंगाखेडच्या मुरमावरचं पाखरू.

आखाडात आप्पा मला माहेरी न्यायला आले. अंगानं निम्मे झाले होते. सासऱ्यांनी ओसरीवर बसवलं, गल्लीतली चार माणसं जमली, आत्याबाई दारात उभी. "मग काय आप्पा, आमच्या टिटवीची पिल्लं?" सासऱ्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, "निघाली की! चारी निघाली. लय झ्याक. दोन दिवस परसात फिरली अन् गेली मायबापाच्या मागनं पाण्याकडं." आणि तांब्या तोंडाला लावला. एवढ्या घाईनं प्याले की निम्मं पाणी अंगरख्यावर सांडलं. मी म्हटलं, उन्हातून आलेत.

पाऊस आला, मी माहेरी असतानाच. उशिरा आला, पण असा आला की गंगा दोन्ही थडी भरून वाहिली. आप्पा परसाच्या दारात उभे राहून हमसून हमसून रडले. मला नवल वाटलं, पण म्हातारं माणूस, मनानं आधीच हळवं, असं म्हणून मी सोडून दिलं. झरीला ज्वारी चांगली पिकली. सुगी झाल्यावर सासऱ्यांनी टिटवीचा मान म्हणून ज्वारीचं पोतं गंगाखेडला पाठवलं. त्यातला एक दाणा आप्पांनी घरात शिजू दिला नाही. वर्षभर रोज सकाळी ओंजळ ओंजळ परसात टाकून संपवलं.

मग ते दरसाल झरीला यायचे, आणि दरसाल सासरे चारचौघांत तीच गोष्ट काढायचे. आप्पा हसायचे, "व्हय व्हय" म्हणायचे आणि लवकर उठायचे. माझ्या पहिल्या बाळंतपणात मी दोन दिवस अडले. काकी सांगते, त्या दोन दिवसांत आप्पा परसातून आत आले नाहीत. पोरगी झाली, रडली, तेव्हा ते उठले.

महाराष्ट्र झाला त्या साली, पावसाळ्याच्या तोंडाशी आप्पा गेले. फार दुखणं नाही, काही नाही. पहाटे चिमण्या बोलल्या आणि ते उठले नाहीत. माणसं पांगल्यावर काकी मला घेऊन परसात बसली, आणि तिनं सांगितलं. पिल्लं निघालीच नव्हती. माझ्या अंगावर अक्षता पडत होत्या त्याच दुपारी मुंगसानं चारी अंडी खाल्ली होती. सखूबाई शेळ्यांना पाणी दाखवायला गेली तेवढ्यात. काट्याच्या कुंपणाला कुत्री बिचकली, कावळे बिचकले. मुंगसाला काट्याचा आयताच आडोसा मिळाला. दुनियेतल्या सगळ्या जनावरांचा घोर आप्पांनी केला होता, पण घरचंच जनावर त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"सखूबाई दारातच पाया पडली," काकी सांगत होती. "मी म्हणलं, त्या दगडाच्या राशीला आग लावते. तर म्हणाले, 'न्हाई. त्याला बी मीच बोलावलं होतं.' अन् आमा दोघींकडनं लिंगाची आण घेतली. गिरजेच्या कानावर जायचं न्हाई, झरीला जायचं न्हाई. पाऊस पडंना तवा दिवसभर सारखे म्हणायचे, माझ्या पोरीला नांदवतेत का न्हाई, नांदवतेत का न्हाई. मी म्हणलं, आवं सांगून टाका एकदा, एरवी सांगता न्हवं गल्लीला? तर म्हणाले, 'ही फिकीर सांगायची न्हवं.'"

 ज्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, कुलपाचा घोरसुद्धा ज्यानं चार दुकानांत वाटला, त्यानं हे एक तीन सालं एकट्यानं बाळगलं. आत्याबाईचा माझ्या पायगुणाबद्दलचा एक शब्द खरा ठरू नये म्हणून. मी पदर तोंडात कोंबून रडले, कारण आत पाहुणे होते.

झरीला परत आले. सासरे तेव्हा थकले होते, ओसरीवरच पडून असत. आप्पा गेल्याचं त्यांनाही लागलं होतं. मी पाणी द्यायला गेले तशी मला जवळ बसवून म्हणाले, "लय खरा माणूस, गिरजा. मुरूम माझा हाय म्हणून सांगितलं त्यानं, त्या दिवशी. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं." मग आभाळाकडं बघत बसले. मृग लागला होता आणि ढगाचा पत्ता नव्हता. आत्याबाई चौकटीला टेकून ऐकत होती. "एक विचारू का गं?" सासरे म्हणाले. "आप्पाला विचारायचं ऱ्हाऊनच गेलं. ती पिल्लं मोठी होऊन उडाली, ती गेली कुणीकडं?"

 मी हातातला तांब्या दोन्ही हातांनी धरला.

"इकडंच, मामा," मी म्हटलं. "आपल्या झरीकडंच आली."